पाणी आणि तेल यांच्या सीमेवरचा रसायनज्ञ
बेळगाव जिल्ह्यात, दूधगंगेच्या काठी सदलगा हे गाव आहे. तेथील वा आपल्या गोव्यातील एखाद्या घरात दही घुसळले जाते, तेव्हा रसायनशास्त्रातील एक अवघड घटना रवीखाली घडत असते. दह्यात स्निग्धांशाचे कण पाण्यात विखुरलेले असतात. लोण्यात नेमके उलटे, पाण्याचे कण स्निग्धांशात अडकलेले असतात. ही उलटापालट नेमकी केव्हा होते, हे मोजण्याची रीत ज्या भारतीयाने शोधली, त्याचे नाव शांतिस्वरूप भटनागर.

जन्म 21 फेब्रुवारी 1894 चा, पंजाबातील भेरा येथील. आठ महिन्यांचे असतानाच पितृछत्र हरपले आणि आजोळी बालपण गेले. लाहोरला शिक्षण झाल्यावर ते अमेरिकेला निघाले खरे. परंतु महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांनी जहाजे भरलेली असल्याने लंडनलाच थांबावे लागले. तेथे प्रा. डोनन यांच्या हाताखाली त्यांनी तेल व पाणी यांच्या मिश्रणांचा अभ्यास केला. 1920 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील युक्ती साधी होती. बाहेरचा थर पाण्याचा असेल तर मिश्रणातून वीज वाहते, तेलाचा असेल तर ती अडते. डोळ्यांना न दिसणारी सीमा अशी विजेच्या काट्यावर दिसू लागली.

1921 मध्ये ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक झाले. त्या विद्यापीठाचे कुलगीतही त्यांचेच, ही गोष्ट रसायनशास्त्राचे विद्यार्थी सहसा विसरतात. 1924 पासून लाहोर ही त्यांची कर्मभूमी झाली.

रावळपिंडीजवळ अटक ऑईल कंपनी तेलविहिरी खोदत होती. खोदकामात वापरला जाणारा चिखल जमिनीतील खाऱ्या पाण्याशी भिडला की दगडासारखा घट्ट होई आणि काम ठप्प पडे. मिठामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, हे भटनागरांनी ओळखले आणि त्यात देशी डिंक मिसळण्याचा उपाय सुचवला. चिखल पुन्हा वाहता झाला. खूश झालेल्या स्टील ब्रदर्स कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी एवढ्या रकमेत एखाद्याचे आयुष्य सुखात गेले असते. भटनागरांनी ती स्वतः न घेता विद्यापीठाकडे वळवली आणि त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रयोग हाच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पुढील काळ संस्था उभारण्यात गेला. 1942 मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. 1943 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 3 जानेवारी 1950 रोजी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. संशोधन विद्यापीठांबाहेर नेल्याने विद्यापीठे दुबळी झाली, हा मेघनाद साहांसारख्यांचा आक्षेप मात्र आजही निकालात निघालेला नाही. विद्यापीठाला स्वतःचे धन देणाऱ्या माणसावरच तो यावा, हे विचित्रच.

आज औषधनिर्माणशास्त्रात ‘बायजेल’ नावाचा मऊ पदार्थ चर्चेत आहे. पाण्याचा जेल आणि तेलाचा जेल, दोन्ही स्वतंत्रपणे घट्ट करून एकत्र केलेले; त्यामुळे पाण्यात विरघळणारे औषध आणि तेलात विरघळणारे औषध एकाच मलमात बसते. भटनागरांनी तो केला नाही. परंतु कोणता थर बाहेर आणि कोणता आत, हा त्यांचा प्रश्न तेथेही आधी विचारावा लागतो, आणि विजेची ती कसोटी अजूनही कामी येते.

1 जानेवारी 1955 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. बरोबर अकरा वर्षांनी, 1 जानेवारी 1966 रोजी, त्यांच्याच परिषदेच्या छत्राखाली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. दोनापावल्याच्या चढणीवर ती आजही उभी आहे.