भास्कराचार्य

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीजवळील विज्जडविड हे त्यांचे गाव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ रचिला.

त्यातील बीजगणितात त्यांनी अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटले. अशा राशी अनेक असल्या, तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे योजिली. नाव मिळाले, की अज्ञाताचे भय सरते. राशींचे परस्परांशी असलेले नाते समीकरणात मांडता येते.

कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्ग येतो, असा एक प्रश्न त्यांनी घेतला. एकेक संख्या तपासू गेल्यास आयुष्य पुरणार नाही. कारण शून्य सोडल्यास सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे! भास्कराचार्यांनी ते चक्रवाल रीतीने थोड्याच पायऱ्यांत काढिले. हाच प्रश्न पुढे १६५७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ फर्मा याने युरोपातील विद्वानांना घातला.

नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. आलेखावर क्ष आणि य यांचे नाते रेखाटताना आपणही त्या रंगीत नावांचे स्मरण ठेवावे.