शेतकरी म्हणायचे लोखंडी नांगराने जमीन नासते, तरीही किर्लोस्करांनी विलायती नांगराला टक्कर दिली

भंडारा जिल्ह्यातलं पवनी. वैनगंगेच्या काठावरचं गाव, आजूबाजूला धानाची शेती. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलं की एक चर्चा हमखास कानावर पडते. ग्राइंडर कुठला घ्यायचा, पान्याचा सेट कुठल्या कंपनीचा चांगला, मोटारपंप स्वस्तातला घ्यावा की चार पैसे जास्त मोजून नावाजलेला?

पवनीच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात हीच चर्चा असते. आणि ती आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न नांगराबद्दल विचारला जात होता. विलायती घ्यायचा की देशी?

त्याचं उत्तर शोधण्यात एका माणसाची उमेदीची वर्षं गेली. त्याचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. पोराचं मन मात्र पोथीत कमी आणि चित्रात, यंत्रात जास्त. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंगांमधला फरकच नीट ओळखता येत नाही.

दुसरा कोणी असता तर घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले.

इकडे 1888 मध्ये बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांच्या जोडीने सायकलचं दुकान सुरू झालं. पाटी लागली, किर्लोस्कर ब्रदर्स. पुढे नोकरीत बढतीच्या वेळी डावललं गेलं तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

सायकली विकून पोट भरत होतं, पण लक्ष्मणरावांना वस्तू विकायची नव्हती, बनवायची होती. आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. आणि मग 1903 च्या सुमारास हात घातला लोखंडी नांगराला.

तेव्हा बाजारात इंग्लंडहून आलेले लोखंडी नांगर मिळायचे. रॅन्सम्ससारख्या कंपन्यांचं त्यात मोठं नाव होतं. पण बहुतेक शेतकरी लाकडी नांगरच वापरायचे. लोखंडामुळे जमिनीत विष उतरतं, जमीन नासते, असा पक्का समज होता. तयार नांगर कारखान्यात पडून राहिले. विक्री सुरू व्हायला दोनेक वर्षं गेली.

पण नुसती समजूत काढून भागणार नव्हतं. सुरुवातीच्या नांगरांमध्ये खरोखरच एक खोट होती. त्यांचा फाळ विलायती फाळापेक्षा लवकर झिजायचा.

आता हा फाळ म्हणजे नांगराचा जीव. बाकी नांगर वर्षानुवर्षं टिकतो, मातीत घासून झिजतो तो फाळ. रॅन्सम्सने 1803 मध्येच यावर तोडगा शोधला होता. बिडाचा फाळ ओतताना त्याची खालची बाजू पटकन थंड करायची, म्हणजे ती कडक होते. वरची बाजू सावकाश थंड झाल्याने तुलनेने मऊ राहते. शेतात मऊ बाजू आधी झिजते, कडक बाजूची धार कायम राहते. म्हणजे फाळ झिजता झिजता स्वतःलाच धार लावतो.

बाहेरून बघितलं तर दोन्ही नांगर सारखेच. फरक कळायचा तो शेतात, काही एकर नांगरल्यावर.

लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाला दोष दिला नाही. परदेशी पुस्तकं आणि अमेरिकन तांत्रिक मासिकं वाचून ते बिडाची भट्टी आणि ओतकाम शिकत गेले. फाळ सुधारला आणि मग नांगराने बाजार धरला.

हे चालू असतानाच बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा लक्ष्मणराव औंधमध्ये मंदिराच्या सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं निवडुंगाने भरलेलं माळरान दिलं. 10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला सुरुवात झाली.

लवकरच पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशातून येणारा माल आटला आणि देशी नांगराची मागणी वाढली. पण युद्ध संपल्यावर विलायती माल पुन्हा येणारच होता. तेव्हा टिकायचं तर दर्जा हवा आणि विक्रीनंतरची साथही हवी. विलायती नांगराचा फाळ गेला तर नवीन फाळ बोटीने यायचा. किर्लोस्करांचा कारखाना मात्र रेल्वेच्या पल्ल्यात होता.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं हे पत्र पुढे मराठीतलं गाजलेलं मासिक बनलं. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पंप अशी यादी वाढत गेली. 1940 च्या दशकात हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी उभी राहिली आणि तिथे लेथ बनायला लागले. नांगर बनवणारं घराणं आता कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवत होतं.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं.

यात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. जड लोखंडी नांगर खोलवर जाऊन हराळी, कुंदा मुळासकट उपटायचा, म्हणून काळ्या कसदार जमिनीत तो पैसे वसूल करून द्यायचा. त्याला ओढायला बैलांच्या दोन-चार जोड्या लागायच्या. पवनीसारख्या धानपट्ट्यात, चिखलणी करायच्या बांधीत त्याचा तेवढा उपयोग नव्हता. तिथे हलकं अवजारच कामाचं.

म्हणजे सगळ्यात भारी ब्रँड कुठला, हा प्रश्न तेव्हाही अर्धवटच होता. कुठल्या जमिनीत वापरणार, सगळ्यात आधी काय झिजणार आणि ते झिजल्यावर नवीन किती दिवसांत, किती रुपयांत मिळणार, हे विचारल्याशिवाय किमतीची तुलना होत नाही. ग्राइंडर घ्या नाहीतर मोटारपंप, दुकानदाराला आजही हेच प्रश्न विचारायचे असतात.