कानांनी वाचणाऱ्यांचे मित्र : लॉर्ड इयन फ्रेझर

डोळ्यांवाचून वाचावे कसे, या प्रश्नाला लुई ब्रेल यांनी बोटांनी उत्तर दिले. पण ज्यांची बोटेही साथ देत नाहीत त्यांनी काय करावे? हा प्रश्न ज्यांनी आपला मानला, त्या लॉर्ड फ्रेझर यांची ओळख आम्ही या महिन्यात करून देत आहोत.

इयन फ्रेझर यांचा जन्म १८९७ साली इंग्लंडात झाला. बालपण दक्षिण आफ्रिकेत गेले. जुलै १९१६ मध्ये, फ्रान्समधील सॉमच्या लढाईत, अठराव्या वर्षी त्यांची दृष्टी कायमची गेली. अंध सैनिकांसाठी सर आर्थर पिअर्सन यांनी लंडनला काढलेल्या सेंट डन्स्टन्स संस्थेत ते ब्रेल लिपी शिकले. पिअर्सन स्वतःही अंध होते. १९२१ साली ते वारले आणि चोविसाव्या वर्षी फ्रेझर यांनी संस्थेची धुरा उचलली. पुढे १९२४ साली ते पार्लमेंटातही निवडून आले.

संस्थेतील गडी थोराड वयाचे. कित्येकांचे हात राबून राठ झालेले, काहींची बोटे युद्धात गेलेली. ब्रेलचे बारीक ठिपके त्यांना उमगेनात. ग्रामोफोन गाणे ऐकवतो, मग पुस्तक का ऐकवू नये, असे फ्रेझर यांच्या मनाने घेतले. अडचण अशी की, त्या काळची तबकडी चार-पाच मिनिटांत संपे. मग रेघा दाट केल्या, फेरे मिनिटाला ७८ वरून २४ वर आणले, तेव्हा एका बाजूस सुमारे २५ मिनिटांचे वाचन मावू लागले. साधारण कादंबरी दहाएक तबकड्यांत बसे. १९३५ साली अशा बोलत्या पुस्तकांचे ग्रंथालय सुरू झाले. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती व जोसेफ कॉनरॅड यांच्या कादंबऱ्यांबरोबर योहानकृत शुभवर्तमानही होते. अमेरिकेत रॉबर्ट अर्विन या अंध गृहस्थांच्या पुढाकाराने हेच कार्य वर्षभर आधी सुरू झाले होते.

यामुळे ब्रेल मागे पडेल, अशी भीती काही अंध बांधवांना वाटली. ती अगदीच निराधार नव्हती. शुद्धलेखन, गणित, स्वतःची टिपणे यांसाठी विद्यार्थ्याला ब्रेल हवीच; नुसत्या ऐकण्याने अक्षर हाती लागत नाही. कान आणि बोटे ही एकमेकांची सोबती आहेत, वैरी नव्हेत, असे आम्हांस वाटते.

सेंट डन्स्टन्सच्या कार्याची एक शाखा आपल्या देशातही फुटली. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ साली देहरादूनला केंद्र निघाले.

१९७४ साली फ्रेझर निवर्तले. त्यांची दृष्टी परत आली नाही. तरी १९४२ सालच्या आत्मचरित्राचे नाव त्यांनी योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाच्या साक्षीतून घेतले.

तबकडी गेली, फीत गेली. आता खिशातला फोन वाचून दाखवतो. तरी शाळेचे प्रत्येक पुस्तक त्यात मिळतेच असे नाही. वाचकहो, आपल्या मंडळीत एखादे अंध लेकरू शिकत असेल, तर आठवड्यातून एक तास त्याचे पुस्तक फोनमध्ये वाचून द्यावे. आवाज आपल्यापाशी आहेच; तो कामी लावावा.