देवानांप्रिय अशोक

रुपयाचे नाणे दिवसातून कितीदा तरी आपल्या हातातून जाते. त्यावरचे सिंह आपण सर्वजणी ओळखतो. पण ते तिथे आले कसे, हे सांगण्यासाठी हा छोटासा लेख. माझे शिक्षण बेताचेच, तेव्हा भगिनींनी चूकभूल माफ करावी.

अशोक मगधाच्या गादीवर इ. स. पू. २६८ च्या सुमारास बसला. आजोबा चंद्रगुप्त, वडील बिंदुसार. राज्य आयतेच मोठे मिळाले होते. तरी कलिंग, म्हणजे आजच्या ओडिशाचा भाग, त्याला हवासा वाटला. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली तेव्हा त्याने तो जिंकला. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख धरून नेली गेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत; जिंकणाऱ्यानेच पश्चात्तापाने दगडावर कोरवून घेतले आहेत. मागे राहिलेल्यांचे दुःखही त्याने त्यात नोंदवले.

बुद्धाचा धर्म तोवर विहारांत आणि उपासकांच्या घरांत होता. तो आता राजाच्या मनात उतरला. त्याची खूण कुठे दिसली म्हणाल, तर मुदपाकखान्यात! जिथे रोज हजारो प्राणी मारले जात, तिथे दोन मोर आणि एक हरीण एवढेच उरले. पुढे तेही बंद करण्याचे त्याने जाहीर केले. रस्त्याकडेला वड लागले, विहिरी खणल्या गेल्या, माणसांसाठी आणि गुराढोरांसाठी औषधी वनस्पती लावल्या गेल्या. राणी कारुवाकीची दाने तिच्याच नावे नोंदवावीत, अशी आज्ञाही एका स्तंभावर आहे.

त्याच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याजवळ १९५६ साली सापडला. आजारपणात, लग्नकार्यात, बाळंतपणात बायका नाना क्षुल्लक विधी करतात, असे त्या लेखात म्हटले आहे. हे कळले तेव्हा मला प्रथम रागच आला. विधी करू नका असे तो म्हणत नाही; पण नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, जिवांवर दया करणे हे खरे मंगल, असे त्याचे सांगणे. त्याच सकाळी पूजेची घाई म्हणून मी मोलकरणीला टाकून बोलले होते. ते आठवले आणि राग ओसरला.

अशोकाने कलिंग परत दिल्याचे लेखांत कुठे नाही. देहान्ताची शिक्षाही त्याने ठेवली. फक्त तीन दिवसांची मुदत दिली. विचार पटला तरी तो पुरता आचरणात आणणे राजालाही सोपे गेले नाही.

इ. स. पू. २३२ च्या सुमारास तो वारला. कालांतराने त्याची लिपीही लोक विसरले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली. १९०४-०५ मध्ये सारनाथला उत्खननात चार सिंहांचे स्तंभशीर्ष मिळाले. बुद्धाने जिथे पहिला उपदेश केला, तिथेच अशोकाने तो स्तंभ उभारला होता. तेच सिंह २६ जानेवारी १९५० रोजी आपल्या देशाची मुद्रा झाले. कलिंग जिंकल्याचा विजयस्तंभ काही आपण निवडला नाही.

आता नाणे हातात आले की मला ते सिंह दिसतात, आणि मोलकरणीचा पडलेला चेहराही. तिची मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली.