आरफळचे वै. हैबतबाबा

गेल्या चातुर्मासात आमच्या मठात दर एकादशीस दुपारी वाचन होत असे. विषय मंडळींनीच ठरविला होता : क्षणात फिरलेले दैव. कोणी नळराजा वाचला, कोणी हरिश्चंद्र, कोणी मंगळवेढ्याचे दामाजीपंत. शेवटची पाळी आमची. आम्ही पुराणात न शिरता, ज्यांच्या पायरीला हात लावून आपण आळंदीस माउलींच्या महाद्वारात शिरतो, त्या हैबतबाबांचे चरित्र घेतले.

बाबा सातारा प्रांतातील आरफळचे, घराणे पवारांचे. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. तलवार गाजविली, पैसाही मिळविला. मात्र घरातली वारकरी ओढ सुटली नव्हती. हरिपाठ मुखोद्गत होता. पुढे गावी परतावे असे मनाने घेतले, आणि बरोबर माणसे व जन्माची कमाई घेऊन ते दक्षिणेस निघाले.

सातपुड्यात भिल्लांच्या टोळीने त्यांना गाठले. धन गेले, शस्त्रे गेली. बाबांना सोबत्यांसह एका गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लावली. सकाळी ज्याच्या शब्दासरशी घोडी उठत होती, त्याला संध्याकाळी पाणी मागायलाही कोणी नाही! बाबांनी हरिपाठ धरला. परंपरा सांगते की एकवीस दिवस तो अखंड चालला. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात त्याला कोंडलेली माणसे आठवली. शिळा सरकविली, तो आत नामस्मरण चालूच. नायक वरमला. त्याने बाबांना लुटलेल्या द्रव्यासकट मानाने सोडले.

इथवर वाचून आम्ही नेहमीप्रमाणे भिल्लांच्या क्रौर्यावर दोन शब्द बोललो. तेव्हा पाठीमागे बसलेल्या एका म्हाताऱ्या माउलीने विचारले की, बुवा, त्या बाळंतिणीचं आणि लेकराचं पुढं काय झालं? आम्ही निरुत्तर. चाळीस वर्षे हे आख्यान लावतो. गुहेतल्या अंधाराचे वर्णन करताना श्रोते रडविले, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. खरे पाहता, हाती आलेले द्रव्य परत देणे सोपे नव्हे. ते त्या नायकाने दिले, आणि आम्ही मात्र प्रत्येक कीर्तनात त्याला राक्षस करून सोडला. ही आमची चूक. त्या एकादशीपासून आम्ही ते वर्णन टाकले आहे.

आता पुढे. सुटका झालेला माणूस कमाई घेऊन घरी जाऊन बसता, तर कोणी दोष दिला नसता. बाबा आळंदीस आले ते तिथलेच झाले. रोज समाधीपुढे भजन, सेवा. त्या काळी माउलींच्या पादुका तुकोबांच्या पालखीत एकत्र पंढरीस जात. ती प्रथा तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली घातली होती. पुढे वंशजांत मतभेद झाले, आणि १८३२च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र सुरू केला. बेळगाव प्रांतातील अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू, नैवेद्य यांची सेवा दिली. वासकर, खंडोजीबाबा, शेळके असे एकनिष्ठ वारकरी पाठीशी उभे राहिले.

आणि इथे बाबांची सरदारी कामी आली बरं का! कूच कधी, मुक्काम कुठे, कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, तळावर तंबू कसे, हे सारे लष्करी शिस्तीने बसविलेले. समाज आरतीला चोपदाराने चोप उंचावला की अफाट गर्दीतले टाळ एकदम थांबतात; कोणाची तक्रार असेल तर ती तिथेच निवते. नवखा माणूस हे पाहून थक्क होतो. फौजेत शिकलेली विद्या बाबांनी टाकली नाही, नुसता धनी बदलला. ग्वाल्हेरच्या चाकरीत त्यांचे नाव सरदारांच्या गर्दीत पुसले गेले असते. आज ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान होते तेव्हा त्यांनी घातलेली वहिवाटच चालते.

अंकलीचे दोन घोडे अजूनही दरसाल पायी आळंदीस येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, तो माउलींचा. चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात हा मोकळा घोडा धावत जातो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. बाबांना तो धावताना पाहून सातपुड्यात हिरावलेली आपली घोडी आठवत असतील काय, असे आमच्या मनात येऊन जाते.

बाबांची समाधी आळंदीत महाद्वाराच्या पायरीशी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या वारकऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून ही जागा. कार्तिकी यात्रेचा आरंभ वद्य अष्टमीस याच पायरीच्या पूजनाने होतो. यंदा आम्ही तिथे माथा टेकला तेव्हा बाबांच्या नावाबरोबर त्या अनाम लेकराचेही स्मरण केले, आणि मग आत गेलो.