डॉ. कमलाबाई सोहोनी

उपवासाला आपण उकडतो तो बटाटाही श्वसन करतो, हे ऐकून कोणास हसू येईल. परंतु याच बटाट्याने एका मराठी मुलीला केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून दिली. त्या डॉ. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत; विदुषी दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी.

जन्म इंदुरास. वडील नारायणराव व काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. १९३३ साली बी.एस्सी. होऊन कमलाबाईंनी तेथेच अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून तो फेटाळला. कमलाबाई थेट बंगलोरास गेल्या व कारण द्या म्हणून अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण एक वर्षाच्या अजमावणीवर! एवढ्या थोर माणसाची दृष्टी येथे तोकडी पडली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. वर्षअखेर त्यांचे मत पालटले आणि मुलींना दार उघडले. तथापि तो अपमान बाईंना जन्मभर सलत राहिला.

१९३६ साली एम.एस्सी. होऊन त्या केंब्रिजला गेल्या. तेथील काम समजावयास थोडे पेशीत डोकावले पाहिजे. कोठीतली ज्वारी तशीच पानात वाढता येत नाही, दळावी लागते. पेशीलाही अन्नातील शक्ती सरळ वापरता येत नाही. प्राणवायूच्या साह्याने अन्नाचे सावकाश ज्वलन करून, त्या शक्तीने ती एडीपी नावाच्या द्रव्यास फॉस्फेटचा आणखी एक गट जोडते व एटीपी तयार करते. या जोडणीस फॉस्फोरिलीकरण म्हणतात. आपला हात हलतो तो या एटीपीच्या बळावर. (१९२९ साली हे द्रव्य शोधणाऱ्यांत आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते.) ज्वलनाच्या या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे पोचविणारा एक दुवा म्हणजे सायटोक्रोम-सी. कमलाबाईंनी तो बटाट्यात दाखविला; म्हणजे प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या पेशीही त्याच रीतीने श्वसन करतात. १९३९ साली पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा!

परत येऊन दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची आहार प्रयोगशाळा, असे काम झाले. १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत आल्या. तेथे डॉ. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. तिच्यातील जीवनसत्त्वे व लोह कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना गुणकारी ठरतात, हे त्यांच्या कामातून दिसले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. इतके होऊनही संस्थेचे संचालकपद हक्काचे असताना चार वर्षे हातचे लांबले. पुढे मात्र ते त्यांनी उत्तम सांभाळले.

निवृत्तीनंतर अन्नभेसळीविरुद्ध ग्राहकांच्या, म्हणजे आपल्यासारख्या गृहिणींच्या, बाजूने त्या लढल्या व त्यासाठी लेखही लिहिले. १९९८ साली दिल्लीस भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजिला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत निवर्तल्या.