अनाथांचे पालक संत जॉन बॉस्को



एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणासाठी मदत मागितली की आपल्यापैकी बरेच जण मोकळ्या मनाने देतात. परंतु देताना मनात शंकाही येते. हा मुलगा नीट शिकेल का? आपले पैसे वाया तर जाणार नाहीत? ही शंका नवी नाही. ज्यांचा सण ख्रिस्तसभा ३१ जानेवारी रोजी साजरा करते, त्या संत जॉन बॉस्को यांच्या घरातही ती आली होती.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या छोट्या वस्तीत झाला. तो दोन वर्षांचा होण्याआधीच वडील वारले. आई मार्गारिटाने शेतात राबून घर सांभाळले. जॉनने शेतकाम सोडून पुस्तके वाचावीत, हे मोठ्या सावत्र भावाला खपत नसे. त्यामुळे वयाच्या बाराव्या वर्षी जॉनला दुसऱ्याच्या मळ्यावर गडी म्हणून राहावे लागले. पुढे फादर कालोसो या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवायला घेतले, पण १८३० साली तेही अचानक वारले. कियेरी गावी शिकताना जॉनने कॉफीच्या दुकानात काम करून दिवस काढले. १८३५ साली तो सेमिनरीत निघाला, तेव्हा कोणा गावकऱ्याने झगा दिला, कोणी टोपी दिली, तर धर्मगुरूंनी स्वतःचा अंगरखा दिला. दहा जणांच्या हातांनी एका बिनबापाच्या मुलाला वेदीकडे पाठवले.

५ जून १८४१ रोजी जॉनला गुरुदीक्षा मिळाली. त्या वेळी तुरीन शहरात कारखाने व बांधकामे वाढत होती आणि खेड्यापाड्यांतून मुले कामाच्या शोधात येत होती. अनेकांना घर नव्हते, शाळा ठाऊक नव्हती. डॉन बॉस्को तुरुंगांना भेटी देत, तेव्हा गजाआड कोवळी मुले पाहून त्यांचे काळीज पिळवटून निघे. बाहेर आल्यावर हात धरणारा कोणी असता, तर यातील कितीतरी मुले पुन्हा आत आली नसती, हे त्यांनी ओळखले.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणी, ते मिस्सासाठी तयार होत होते. तेवढ्यात सक्रिस्तीत शिरलेल्या एका अनाथ गवंडीकाम करणाऱ्या पोराला सेवकाने मारून हाकलले. त्यांनी त्याला परत बोलावले. बार्तोलोमेओ गारेल्ली असे त्याचे नाव. सोळा वर्षांच्या त्या मुलाला ना लिहिता-वाचता येत होते, ना धर्माची ओळख होती. नमो मरिया म्हणून त्यांनी त्याला पहिला धडा दिला. आपल्या कार्याची सुरुवात ते याच भेटीपासून मोजत.

१८४६ साली आई मार्गारिटा गाव सोडून मुलाच्या मदतीला तुरीनला आली. त्यांनी रात्री काही बेघर मुलांना आसरा दिला, तर ती चादरी-घोंगड्या घेऊन पसार झाली! पुढे १८४७ च्या मे महिन्यात, पावसात चिंब भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला. घरातील भांडीही जातील, अशी मार्गारिटाला धास्ती वाटली. तरीही तिने त्याला गरम जेवण दिले, विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरात अंथरूण केले आणि झोपण्यापूर्वी देवाच्या दोन गोष्टी सांगितल्या. चादरी गेल्या म्हणून त्या माऊलीने दार लावून घेतले असते तर? या एका मुलापासून पुढे शेकडो मुलांचे वसतिगृह उभे राहिले.

मुलांचा त्रासही कमी नव्हता. एकदा त्यांनी तिची भाजीची बाग तुडवली, तेव्हा ती गावी परत जायला निघाली. मुलाने काही न बोलता भिंतीवरील क्रुसाकडे बोट दाखवले. ती थांबली आणि १८५६ साली मरण येईपर्यंत थांबली.

डॉन बॉस्कोंनी मुलांना नुसते जेवू घातले नाही. धर्मशिक्षणाबरोबर १८५३ पासून शिवणकाम व चांभारकाम, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम व छपाई शिकवली. कामावर लागणाऱ्या मुलाला मारू नये, रविवारी सुट्टी द्यावी, असे ते मालकाकडून मुद्रांकित कागदावर लिहून घेत. मुलांना वळण लावताना विवेक, धर्म आणि प्रेमळपणा या तिन्हींवर त्यांचा भर असे. या सर्वांसाठी त्यांनी आयुष्यभर झोळी पसरली. १८५९ साली त्यांनी सालेशियन संस्था स्थापली आणि १८७६ साली मदत करणाऱ्या प्रापंचिकांचा सहकारी संघ मान्य करून घेतला. ३१ जानेवारी १८८८ रोजी ते देवाघरी गेले. १९३४ साली ईस्टरच्या दिवशी त्यांना संतपद मिळाले. १९०६ साली सालेशियन धर्मगुरू भारतात आले, १९२८ साली मुंबईत. तेथील त्यांच्या शाळांतून आपल्यापैकी अनेकांची मुले शिकली आहेत.

बंधुभगिनींनो, जून जवळ आला की आपल्याही आसपास फी, गणवेश व वह्या यांसाठी एखाद्या विधवेच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आपण तिच्या मुलाचा भार उचलू या. आणि पैसे देऊन विसरून न जाता, तो धर्मशिक्षणाच्या वर्गाला येतो का, रात्री अभ्यासाला त्याला जागा आहे का, हेही आपुलकीने विचारू या. काही वेळा आपली चादर चोरीला जाईल. पण त्यानंतर दारात उभा राहणारा मुलगा कोण आहे, हे फक्त देवाला ठाऊक असते.